धुतलेला पेंढा

पेंढा काही कुणी धूत नाही. जनावरं तसाच खातात, माणसं तसाच रचून ठेवतात, आणि मातीचं घर बांधणारे तसाच मातीत तुडवतात. सिस्टरने मात्र तो धुतला. तोही नुसत्या पाण्याने नाही. टबात ब्लीचिंग पावडर घालून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून, चांगला दोनदा खळबळून. मग दोऱ्या बांधून त्यावर जुड्या वाळत घातल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कूस बदलून देतात तशी त्या जुड्या उलटत-पालटत बसली. गवंड्याने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या हातातला चहा गार झाला.

"सिस्टर, आता भांग पण पाडणार का ह्याचा?"

सिस्टर हसली नाही. त्या हिवाळ्यात ती कशालाच हसत नव्हती, आणि रडतही नव्हती. "त्यात उंदराच्या लेंड्या आहेत," एवढंच म्हणाली आणि पुढची जुडी उलटली.

सिस्टर हे काही तिचं नाव नव्हे. पण सगळं आयुष्य सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात गेलं, त्यामुळे नावाचा उपयोग फक्त पगाराला. किराणावाला सिस्टर म्हणायचा, बसचा कंडक्टर सिस्टर म्हणायचा. सख्खा नवरासुद्धा चेष्टेने सिस्टर म्हणायचा आणि वर "काय नशीब आहे बघा माझं" म्हणून स्वतःच खो खो हसायचा. बाई कडक. नाकावर माशी बसू द्यायची नाही. वॉर्डात चादरीला सुरकुती दिसली तर नव्या पोरींची पाचावर धारण बसायची. बाहेरून आलेल्या माणसाने आधी हात धुवायचे, मग बोलायचं. हा नियम वॉर्डात होता तसाच घरातही होता.

नवरा त्याच रुग्णालयात बॉयलर सांभाळायचा. जन्मभर वाफेत आणि उकाड्यात उभा राहिलेला माणूस. त्याला शेवटी शेवटी मातीच्या घराचं वेड लागलं. गावाबाहेर माळावर जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता, तिथे घर बांधायचं. सिमेंटचा कण वापरायचा नाही, माती जागेवरची, बांबू शेजारचा, दारं-खिडक्या जुन्या. दक्षिणेला मोठी खिडकी म्हणजे हिवाळ्याचं ऊन थेट घरात, आणि उत्तरेची भिंत हातभर जाड, नुसती पेंढ्याने ठासलेली, म्हणजे थंडी बाहेरच्या बाहेर. हे सगळं तो जेवताना हातवारे करून सांगायचा. सिस्टर म्हणायची, "जन्मभर दुसऱ्यांची घाण काढली, आता म्हातारपणी चिखलात राहू?" तरी त्याने दगडाचं जोतं बांधून घेतलंच. जोतं झालं आणि तो गेला.

तिच्याच वॉर्डात, तिच्याच ड्यूटीवर गेला. हृदय थकलं होतं, छातीत पाणी भरलं होतं. पुढचं सगळं तिने स्वतः केलं. नळ्या काढल्या, अंग पुसलं, डोळे मिटवले, चादर बदलली, केस सारखे केले. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या, त्यांना आवरून झाल्यावर आत घेतलं. "काय धीराची बाई!" असं सगळा स्टाफ म्हणाला. धीर कसला डोंबलाचा! दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, मग कुणीतरी आत ओढतंय हे कळतं पण दुखत नाही, तसं झालं होतं तिला. फरक एवढाच की दाताचं संध्याकाळपर्यंत उतरतं. हिचं उतरेना.

मागे क्वार्टरमध्ये उरल्या दोघी. सून आणि सासू. आता ह्या दोघींचं सख्य म्हणजे विळ्याभोपळ्याचं. लग्न झाल्यापासून रोज एक तरी खणाखणी ठरलेली. पडदा उघडा का, मीठ कमी का, गॅसचं बटण तिरकं का, कशावरूनही. नवरा मध्ये पडायचा नाही, तो पेपर वर धरायचा. पण तो गेल्यापासून एक भांडण झालं नाही. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "जेवले." दिवे बंद. एका जिन्यावरचे दोन भाडेकरू ह्याहून जास्त बोलतात.

त्यात सिस्टरची निवृत्ती आली. हिवाळा संपला की क्वार्टर रिकामं करायचं. शहरात धाकटा दीर राहायचा. त्याचं घर मोठं, लिफ्टचं, आणि माणूसही वाईट नाही. त्याने फोन केला. "वहिनी, हिवाळा संपला की आईला मी घेऊन येतो इकडे. तुम्ही तरी किती करणार?" फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बघू."

त्या "बघू"ने सिस्टरच्या बधिर डोक्यात काहीतरी हललं. सासूबाई जायला नको होत्या. का नको होत्या, हे तिला धड सांगता आलं नसतं. प्रेम-बीम असले शब्द ह्या दोघींच्या आसपासही फिरकलेले नव्हते. पण म्हातारी गेली की आपण पूर्णच थंड पडू, एवढं तिला कळत होतं. आणि नव्या घरात उत्तरेची खोली सासूबाईंची, हे नवऱ्याने ठरवून ठेवलं होतं. तेव्हा हिशेब साधा होता: हिवाळा सरायच्या आत ती खोली उभी राहून कोरडी झाली तर सासूबाईंना "चला" म्हणता येईल. नाही झाली तर दिराची गाडी येईल. सिस्टरने शिल्लक पडलेली सगळी रजा काढली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन सकाळच्या बसला उभी राहिली.

"येणार कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"संध्याकाळी."

घर बांधतेय, तुमच्यासाठी खोली बांधतेय, असं काही ती म्हणाली नाही. म्हातारीनेही विचारलं नाही. चिखलाने भरलेली साडी रोज बादलीत भिजत पडलेली दिसत होती, तेवढ्यावरून काय कळायचं ते कळत असेल.

माळावर सकाळी धुकं असायचं. जोतं सुद्धा दिसायचं नाही, ठेच लागली की कळायचं आलो म्हणून. गवंडी आणि त्याची बायको आधीच येऊन शेकोटीशी हात चोळत बसलेले असायचे. गवंडी विटा-सिमेंटचा माणूस. मातीच्या भिंती त्याने आजोबांच्या घरी पडताना पाहिल्या होत्या, बांधताना नाही, आणि हे तो रोज एकदा सांगायचा. त्याची बायको हसरी, धिप्पाड, ताडपत्रीवर माती तुडवायला उभी राहिली की आसपासची जमीन हादरायची.

आणि चौथा माणूस म्हणजे बांबूकाका. शेजारच्या तुकड्यात बांबू लावून बसलेला निवृत्त चित्रकला शिक्षक. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून घरबांधणीत तयार झालेला. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर बांबू. भिंत? आत बांबू. छप्पर? बांबू. गुडघा दुखतो? बांबूच्या काठीने चाला. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गवंडी कानात मफलर कोंबायचा. पण बांबू त्याने खरोखर दिले, कापून, वाळवून, आणि बदल्यात रोज फक्त चहा मागितला. माणूस एकटा होता.

सिस्टरने काम वॉर्डासारखं लावलं. सलाईनच्या जुन्या काचेच्या बाटल्यांत जमिनीच्या चार कोपऱ्यांची माती आणि पाणी घालून हलवून ठेवली. दुसऱ्या दिवशी खाली वाळू, वर गाळ, त्याच्यावर चिकणमाती असे थर बसले, त्यावरून कुठल्या कोपऱ्यातली माती घ्यायची ते ठरवलं. अवजारं संध्याकाळी धुऊन, पुसून, रांगेत. घमेली पालथी. रुग्णालयाची जुनी इमारत पाडली होती, तिथल्या वॉर्डाच्या खिडक्या तिने लिलावात घेतल्या, हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेल्या, पण लाकूड असं की खिळा वाकेल. माती तुडवायला ती गमबूट घालून उतरायची.

"काढा ते," गवंड्याची बायको म्हणायची. "पायाला खडा लागला तर कळायला नको?"

"नको कळायला," सिस्टर म्हणायची.

आधी बांबूचा सांगाडा उभा राहिला, त्यावर जुनी कौलं चढली. मग दक्षिणेकडची आणि बाजूच्या भिंती, मातीचा थर, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थर. हिवाळ्यात ऊन दुपारी तोंड दाखवून पळून जायचं, त्यामुळे भिंत मुंगीच्या पावलांनी वर यायची. सिस्टरची बोटं सकाळच्या पाण्यात निळी पडायची. गवंड्याची बायको म्हणायची, शेकून घ्या. सिस्टर म्हणायची, काही होत नाही. खरंच काही होत नव्हतं. एकदा पत्र्याने अंगठा चांगला कापला गेला आणि रक्त मातीत पडलं तेव्हा तिला कळलं. तिने तो धुतला, पट्टी बांधली, पुन्हा थापायला लागली. गवंडीच बिचारा मटकन खाली बसला.

दक्षिणेची खोली वाळली. आत ऊन पसरलं. सिस्टर दारात उभी राहून बघत राहिली. छान झालंय हे तिला दिसत होतं. छान वाटत मात्र नव्हतं.

मग उत्तरेच्या भिंतीची पाळी आली आणि पेंढा आला. गाडीभर. जुड्या सोडल्या तर आत लेंड्या, मेलेले किडे, काळी पडलेली पानं. सिस्टरने पाहिलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. ह्याच्यात सासूबाई झोपणार? खोकल्याची म्हातारी, श्वास आधीच शिट्टी मारतो, आणि तिच्या डोक्याशी ही घाण ठासायची? माणसाच्या जवळ जे काही जाईल ते आधी स्वच्छ झालं पाहिजे, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. तिने टब आणवला.

बांबूकाकाने कपाळाला हात लावला नाही, हे विशेष. त्याने एकाही व्हिडिओत पेंढा धुताना पाहिलं नव्हतं, पण धुऊ नका असंही कुणी म्हणालेलं नव्हतं. "नवीन पद्धत," तो म्हणाला. "ह्याचा व्हिडिओ केला पाहिजे." केलासुद्धा.

जुड्या वरून वाळल्या. हाताला कोरड्या लागल्या, वासही आला नाही, नुसता स्वच्छ क्लोरीनचा दर्प. मग पातळ मातीच्या पाण्यात बुडवून, बांबूच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावून, त्या ठासून भरल्या. सिस्टर स्वतः वर चढून तुडवत होती. फळ्या काढल्या तर भिंत अशी सरळसोट की गवंड्याने ओळंबा लावून पाहिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. सिस्टरने त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा करून घेतला. उघडा पेंढा तिला बघवत नव्हता.

पुढे काही दिवसांनी ती सकाळी खोलीत शिरली आणि थबकली. वास. तो तिला नाकाने नाही, पोटाने ओळखू आला. पट्टीखाली जखम चिघळली की पट्टी सोडायच्या आधीच येतो तो. तिने हाताची पालथी बाजू भिंतीला लावली, पोराचं कपाळ बघतात तशी. बाहेर थंडीने दात वाजत होते आणि भिंत कोमट होती. तिने पिशवीतून थर्मामीटर काढला, खिळ्याने गिलाव्याला भोक पाडलं आणि आत सरकवला.

"काय हो," गवंडी दारातून म्हणाला, "ताप आहे?"

"आहे."

तो हसायला लागला, आणि तिचा चेहरा बघून थांबला. मग दोघांनी मिळून गिलावा फोडला. आतला पेंढा काळा, चिकट, वाफाळत होता. जुड्यांच्या पोटातली ओल कधी वाळलीच नव्हती. वरून स्वच्छ, आत सडका. गवंड्याची बायको पदर नाकाला लावून म्हणाली, "अहो सिस्टर, धुतलाच नसता तर?" सिस्टरने हातमोजे चढवले आणि काळे झुपके ओढून बाहेर टाकायला सुरुवात केली. अख्खी भिंत उघडी करायची होती. हिवाळा तर उतरणीला लागलेला. उत्तरेची खोली आता वेळेत वाळणार नव्हती, हे गवंड्याला कळत होतं, बांबूकाकाला कळत होतं, आणि तिला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

त्याच संध्याकाळी दिराचा फोन आला. रविवारी येतो, आईला एकदा ते घर दाखवू, मग तीच ठरवेल, तिच्यावर जबरदस्ती नको. भला माणूस, म्हणून तर त्याला नाही म्हणता येईना.

रविवारी गाडी माळावर आली. दीर उतरला, त्याने आईला हात धरून उतरवलं. बांबूकाका टपूनच बसला होता. नवं गिऱ्हाईक बघून त्याने दिराला कोपरापाशी धरलं आणि बांबूची मुळं किती खोल जातात ते दाखवायला कुंपणापाशी नेलं. गवंडी आणि त्याची बायको पलीकडे माती चाळत होते. सासूबाई एकट्याच काठी टेकत जोत्यावर चढल्या. दक्षिणेच्या खोलीत ऊन पडलं होतं, तिथे क्षणभर थांबल्या. मग उत्तरेच्या खोलीत आल्या. तिथे भिंतीच्या जागी बांबूच्या बरगड्या होत्या, त्यातून वारा येत होता, आणि सिस्टर गुडघ्यावर बसून खालचा शेवटचा पेंढा उपसत होती.

"हे काय झालं?"

"पेंढा सडला, आई."

"कशाने?"

सिस्टर उठली. "धुतला होता मी. ब्लीचिंगमध्ये."

"काय केला होतास?"

"धुतला होता."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या घशातून कसलातरी आवाज आला. त्या हसत होत्या. काठीवर दोन्ही हात ठेवून, खोकत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. "पेंढा धुतला! अगं बाई, पेंढा धुतला हिने!" सिस्टर उभीच होती. हळूहळू ते हसू कुठेतरी वळलं, आणि म्हातारीचा चेहरा वेगळाच झाला.

"तुला सगळं आधी धुवायचं असतं," त्या म्हणाल्या. "माझं पोर पण धुतलंस. धुतलंस, पुसलंस, केस विंचरलेस, आणि मग मला बोलावलंस. काय दाखवलंस मला? इस्त्रीची चादर?"

सिस्टरने हातातला काळा झुपका ढिगावर टाकला.

"मी बाहेर बसले होते. त्या थंडगार बाकावर. मला आतून त्याचा आवाज येत होता. तो काय म्हणत होता?"

"आई, ते शांतपणे गेले. त्यांना काही त्रास—"

"ते वॉर्डातलं नको मला!" म्हातारीने काठी आपटली. "इतकी वर्षं तुझ्या घरात राहिले. पेशंटच्या नातेवाइकांचे फोन यायचे, तू हेच सांगायचीस सगळ्यांना. त्याच आवाजात. मला खरं सांग. मी सगळा हिवाळा वाट बघतेय तू कधी तोंड उघडशील म्हणून. धाकट्याकडे गेले तर तिथे मला त्याचं नावसुद्धा काढता येणार नाही, 'आई, आता विसर' म्हणतो तो. मी इथे राहीन ह्या चिखलात, पण तू बोलणार असशील तर. नाही तर मला कुणाच्याही घरी काय, सारखंच."

म्हणजे खोलीचं काही नव्हतंच. सगळा हिवाळा सिस्टर भिंत वाळण्यावर हिशेब मांडून बसली होती, आणि म्हातारीला भिंतीशी देणं-घेणं नव्हतं.

बोलायला काय लागतं? तिला शेकडो गोष्टी येत होत्या सांगायला. तुमची आठवण काढली म्हणाले, हसले, म्हणाले आईची काळजी घे. म्हातारीने डोळे मिटून ऐकलं असतं आणि राहिली असती. खरं सांगितलं तर राहणार नव्हती. हे सिस्टरला लख्ख दिसत होतं. तिने हातमोजे काढले. का काढले कुणास ठाऊक.

"ते 'आई' म्हणाले," सिस्टर म्हणाली. "दोनदा. मी म्हटलं, आई बाहेर आहेत, जरा आवरलं की बोलावते. त्यांना उलटी झाली होती. अंगावर, गादीवर, सगळीकडे. तुम्ही त्यांना तसं बघायला नको असं मला वाटलं. मी चादर बदलत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. पुन्हा 'आई' म्हणाले. मी म्हटलं, एक मिनिट."

सासूबाई एक पाऊल जवळ आल्या.

"बोलावलं असतंस तर भेटला असता?"

"हो."

"बोलला असता माझ्याशी?"

"हो, आई. शुद्धीत होते."

वारा बांबूमधून येत होता. म्हातारीने त्या काळ्या ढिगाकडे पाहिलं. मग ती वळली, जोत्यावरून एकेक पाय टेकत उतरली, गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. दीर धावत आला. "काय गं आई? झालं बघून?" ती म्हणाली, "चल." त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि गाडी धुरळ्यात गेली.

सिस्टरने पुन्हा पेंढ्यात हात घातला, उघडा. त्यातली ओल बर्फासारखी होती. आणि अचानक तिची बोटं दुखली. अशी दुखली की तिने ती काखेत दाबली, तरी राहीना. सगळा हिवाळा जे झालं नव्हतं ते एकदम झालं. अंगठ्याची जुनी जखम ठणकायला लागली, गुडघे ओरडायला लागले, आणि मग तिच्या तोंडून असा आवाज फुटला की गवंड्याची बायको चाळण टाकून पळत आली. सिस्टर तिच्या दंडाला धरून रडली. नाक वाहतंय, हात चिखलाचे, पदर कुठल्या कुठे, कसलं काही भान नाही. "मी बोलावलं नाही त्यांना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. गवंडी पाठ फिरवून उगाच उरलेल्या कौलांची रास मोजत उभा राहिला. बांबूकाका पहिल्यांदाच गप्प होता.

सासूबाई त्याच आठवड्यात शहरात गेल्या. सिस्टर निवृत्त झाली. निरोपाला स्टाफने हार घातला, तिने क्वार्टरची किल्ली परत दिली, आणि ती आपलं सामान घेऊन दक्षिणेच्या खोलीत राहायला आली. पलीकडची भिंत पुन्हा भरायला घेतली. ह्या वेळी पेंढा होता तसाच, फक्त झटकून. गमबूट एका कोपऱ्यात पडून राहिले. माती पायाला लागली की पोटऱ्यांपर्यंत कळ जायची, आणि गवंड्याची बायको म्हणायची, "आता कसं, माणसासारखं!" दुखत होतं सगळं. झोपेतून उठल्यावर आधी नवरा आठवायचा, आणि मग बाकावर बसलेली म्हातारी. शहरातून फोन नव्हता. तिनेही केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

मग एका संध्याकाळी फोन वाजला. दिराचा नंबर होता, पण आवाज दिराचा नव्हता.

"जेवलीस?"

"नाही अजून. तुम्ही?"

"जेवले." बराच वेळ नुसता श्वास. तीच शिट्टी. "त्याने पाणी मागितलं होतं का?"

सिस्टर खाली बसली. "मागितलं. दोन चमचे दिले. त्यांना आणखी हवं होतं, डॉक्टर नको म्हणाले होते. मी नाही दिलं."

"आणि?"

"आणि माझ्यावर चिडले. म्हणाले, तुझ्या नियमांनी जीव घेतलास माझा."

मग म्हातारी म्हणाली, "अगदी असंच म्हणाला असेल." तिचा आवाज कापत होता. "लहानपणी तापात मला असंच म्हणायचा." पुन्हा श्वास. "ती भिंत वाळली का?"

सिस्टर उठून पलीकडच्या खोलीत गेली. भिंतीला पालथा हात लावला. वरून कोरडी होती, पण आतून गारवा हाताला येत होता.

"नाही, आई. ओल आहे अजून आत."

"मग वाळू दे," सासूबाई म्हणाल्या. "घाई करू नकोस. मी उद्या फोन करते, पुढचं सांग."